ओरेस्टच्या छातीवरचं अक्षर

ओरेस्ट जर्सी काढायला तयार नव्हता, म्हणून ती अंगात असतानाच मला त्याच्या छातीवरचं अक्षर शिवावं लागत होतं. दुसऱ्या सत्रात बीव्हर लेक संघातल्या कोणीतरी त्याला जर्सीला धरून खाली पाडलं होतं आणि कप्तानाच्या ‘सी’ची खालची शेपटी सुटून लोंबत होती.

"हलू नकोस," मी म्हटलं. "सुई काळजात शिरली तर तिथेही टाका घालावा लागेल."

"तिथे काही नाही सापडायचं तुला," तो म्हणाला. "ओल्हाने लग्नाच्या वर्षीच शोधून पाहिलंय."

त्या खोलीत तेवढे आम्ही दोघेच हसलो. बाकीचे टॉवेलात तोंडं खुपसून बसले होते. अंतिम मालिकेत तीन सामने त्यांनी जिंकलेले, तीन आम्ही. आजचा शेवटचा, आणि त्यातही दोन-दोन गोल. एक सत्र उरलं होतं. पलीकडे आमच्या स्टोनी फॉर्कचं अख्खं गाव लाकडी बाकांवर पाय आपटत होतं, आणि त्या धक्क्यांनी छतावरचं दव आमच्या मानेवर टपकत होतं.

मी आमच्या आइस हॉकी संघाचा सामानवाला. स्केटना धार लावायची, स्टिकना पट्ट्या गुंडाळायच्या, फाटलेलं शिवायचं. माणसं असोत की कापड, मी फारसा फरक करत नसे. गावात मला थापाड्या क्लेम म्हणत, आणि ते बरोबरच होतं. एका हिवाळ्यात माझ्या कुत्र्याची सावली बर्फाला चिकटून बसली आणि तो मार्चपर्यंत सावलीशिवाय हिंडला, हे मीच सांगितलं होतं. एकदा मी स्केटना अशी धार लावली, की आमच्या गोलरक्षकाने जागच्या जागी गिरकी घेतली आणि बर्फाची गोल चकती कापून तिच्यासकट तो तळघरात उतरला, हेही माझंच. तर तुम्ही पुढचं ऐका, आणि काय ते ठरवा.

बाहेरच्यांना वाटतं, कप्तान म्हणजे सगळ्यांत चांगला खेळाडू. ओरेस्ट हॅवरिलक वर्षाला तीन-चार गोल करायचा, त्यातला एखादा चुकून. आडवा बांधा, बचावाची जागा, उन्हाळ्यात धान्याच्या कोठारावर काट्याशी उभा राहून शेतकऱ्यांचा गहू तोलायची नोकरी. त्याची स्टिकही जुन्या पद्धतीची होती, पातं फळीसारखं सपाट. पण बर्फावर पंचाशी बोलायचा हक्क फक्त छातीवर ते अक्षर असलेल्याला असतो. दुसऱ्या कोणी तोंड उघडलं की शिक्षा. कप्तान म्हणजे संघाचं तोंड, आणि ते तोंड कसं आहे यावर पुष्कळ काही ठरतं.

ओरेस्टचं तोंड कसं होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी याच मैदानावर पंच लॉर्न पेटिग्रूने आम्हाला एक गोल दिला. गाव नाचायला लागलं. ओरेस्ट घसरत पंचापाशी गेला आणि म्हणाला, लॉर्न, खेळाची रबरी चकती माझ्या बुटाला लागून आत गेली, मी पायाने ढकलली होती. गोल रद्द झाला, आम्ही हरलो. कोचने त्याला संत्रं फेकून मारलं आणि संघ आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. पण त्यानंतर गोलापाशी माणसांचा ढीग पडला आणि खाली काय झालं ते दिसेनासं झालं, की पेटिग्रू आधी ओरेस्टच्या चेहऱ्याकडे बघायचा. ओरेस्टने मान हलवली तर तसा निर्णय. बीव्हर लेकवालेसुद्धा त्यावर कुरकुर करत नसत.

मी शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला. ओरेस्टने छातीवर हात फिरवून पाहिला, मग समोरच्या बाकाकडे बोट केलं.

"ती ठेवून दे, रेमी."

रेमी गॅन्यों. क्वेबेकहून आलेला, डावखुरा, वाऱ्यासारखा पोरगा. आजचे दोन्ही गोल त्याचेच. तो उतरायच्या खोलीत किटलीच्या वाफेवर स्टिकचं पातं मऊ करायचा आणि दाराच्या फटीत अडकवून वाकवायचा. अशा पात्यावरून सुटलेली चकती गोलरक्षकाच्या खांद्यावरून अचानक वळण घ्यायची. थोडा बाक चालतो, पण नियमात त्याचं माप आहे, आणि रेमीने ते माप केव्हाच मागे टाकलं होतं.

"कोणती?" रेमीने विचारलं.

"सूप वाढायचा डाव."

"याच डावाने मी दोनदा वाढलंय आज. तुझ्या ताटात आलं नाही का, म्हाताऱ्या?"

ओरेस्ट म्हणाला की स्कॅन्लनने ती पाहिली आहे. बड स्कॅन्लन म्हणजे बीव्हर लेकचा कप्तान. त्याने मोजायची मागणी केली आणि माप बाहेर गेलं तर दोन मिनिटांची शिक्षा, तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. आणि रेमीची तर गोष्टच वेगळी होती. पहिल्या सत्रात पंचाला शिव्या देऊन त्याने एक मोठी शिक्षा आधीच पदरात पाडून घेतली होती. आमच्या लीगच्या नियमाने आता दुसरी कुठलीही शिक्षा म्हणजे तो सामन्यातून बाद. ओरेस्टने कोचकडे पाहिलं. कोच छताकडे बघायला लागला, जणू ते दव कुठून येतं हे आजच त्याला कळायला हवं होतं.

भोंगा वाजला. रेमीने तीच स्टिक उचलली.

तिसऱ्या सत्रात कोणी गोल करायला खेळत नव्हतं, सगळे चूक होऊ नये म्हणून खेळत होते. असा खेळ बघणं फार त्रासाचं असतं. मी बाकाच्या टोकाला, दारापाशी उभा होतो. कोणाची स्टिक मोडली की दुसरी हातात द्यायची, हे माझं काम. त्यामुळे सगळं गाव चकतीकडे बघत असतं तेव्हा मी स्टिककडे बघत असतो.

सत्र निम्म्याच्या पुढे गेलं आणि डाव्या कोपऱ्यात ठिणगी पडली. स्कॅन्लनची भुवई फुटली, त्याने रेमीची मानगूट धरली, आणि बघता बघता दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर होती. हातमोजे, स्टिक, एक शिरस्त्राण, कोणाचा तरी दात, सगळं बर्फावर पसरलं. ओरेस्ट मध्ये शिरून एकेकाला बाजूला ओढत होता. अशा सरसकट मारामारीत आमच्याकडे पंच कोणालाच शिक्षा देत नसत.

तेवढ्यात स्कॅन्लनने मारामारी सोडली. भुवईतून रक्त गळत होतं आणि तो हसत होता. त्याने खाली पडलेल्या एका स्टिकवर आपला स्केट घट्ट रोवला, कोणी ओढून नेऊ नये म्हणून, आणि हात वर केला.

"पेटिग्रू. ही मोजा."

अशी मागणी कप्तानच करू शकतो आणि ती कोणी सहज करत नाही. माप बरोबर निघालं तर मागणाऱ्याच्याच संघाला शिक्षा होते. म्हणून ज्याला खात्री असते तोच मागतो. गावाला हे सगळं पाठ होतं. पाय आपटायचे थांबले. रेमी रिकाम्या हाताने उभा होता आणि त्याचं तोंड मैद्यासारखं झालं होतं.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. पेटिग्रू स्टिक उचलायला वाकला, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर गेले. ओरेस्ट रेमीच्या मागून गेला, थांबला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. नुसती आपली सपाट स्टिक त्याच्या मुठीत कोंबली आणि पुढे गेला. सपाट पात्याला डावं-उजवं नसतं, कोणीही धरावं. आता रेमीच्या हातात स्टिक होती आणि ओरेस्ट रिकामा होता.

पेटिग्रूने सापडलेली स्टिक वेळ राखणाऱ्यांच्या टेबलापाशी नेली. त्या टेबलासमोर बर्फावर एक लाल अर्धवर्तुळ रंगवलेलं असतं. पंच आत असताना बोलावल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. मी उभा होतो तिथून ते टेबल दोन हातांवर होतं. पेटिग्रूने पात्यावर पट्टी आडवी धरली आणि मधल्या पोकळीत मापाचा पितळी तुकडा सरकवला. तो अडला नाही. सुरीसारखा आत गेला आणि वर जागा उरली.

"कोणाची?" पेटिग्रूने विचारलं.

स्कॅन्लन रेषेबाहेरून ओरडला की नऊ नंबरची, त्या फ्रेंच पोराची, आणि मग पेटिग्रूच्या आईचा उद्धार केला. एका डोळ्यात रक्त उतरलेलं, दुसऱ्यात संताप. पेटिग्रूने दुसऱ्या पंचाला खूण करून त्याला बाकाकडे पाठवलं आणि आमच्या कप्तानाला आत बोलावलं.

ओरेस्ट अर्धवर्तुळात आला.

"ओरेस्ट, ही कोणाची?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, रेमीकडेही नाही. त्याचा हात मात्र छातीवर गेला, मघाशी मी टाके घातले होते तिथे, आणि तिथेच राहिला.

"माझी."

पेटिग्रू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने स्टिक हातात उलटी केली, पुन्हा सुलटी केली, टेबलावर ठेवली, परत उचलली. मला वाटलं, आता हा ती माझ्याकडे आणून विचारणार, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडघशी पडणार.

"नीट विचार करून सांग."

"माझीच आहे, पेटिग्रू साहेब."

इतकी वर्षं तो त्याला लॉर्न म्हणत आला होता.

भोंग्यातून घोषणा झाली, बेकायदा स्टिक, क्रमांक चार, कप्तान ओरेस्ट हॅवरिलक, दोन मिनिटं. गावाने हुर्यो केली असती तर बरं झालं असतं. एवढ्या थंडीत क्षणभर कोणाच्या तोंडातून वाफसुद्धा निघाली नाही. ओरेस्ट शिक्षेच्या बाकाकडे निघाला तेव्हा फक्त त्याच्या स्केटची खरखर ऐकू येत होती. वरच्या रांगेत त्याच्याच कोठारावर गहू घालणारा एक शेतकरी होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि परत घातली.

त्या दोन मिनिटांबद्दल मी गावात पुष्कळ काही सांगितलंय, आमच्या गोलरक्षकाने एक चकती भुवयांनी अडवली वगैरे. खरं म्हणजे मला काही दिसलंच नाही. मी काचेपलीकडे एकट्या बसलेल्या ओरेस्टकडे बघत होतो. तो गुडघ्यांवर हात ठेवून, देवळात बसावं तसा बसला होता. चकती आमच्या गोलाच्या खांबाला लागून टण्ण वाजली तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

आमची शिक्षा संपली. ओरेस्ट बर्फावर आला. मी त्याला दुसरी सपाट स्टिक दिली, ती त्याने माझ्याकडे न बघता घेतली. आणि पुढच्याच चढाईत रेमी सुटला. त्यांच्या गोलरक्षकाने दिवसभर त्याची ती वळणारी चकती खांद्यावर झेलली होती, तो आधीच उंच होऊन उभा राहिला. पण रेमीच्या हातात तो डाव नव्हता. फळी होती. वाकड्या पात्याच्या पाठीने चकती धड मारता येत नाही, सपाट पात्याने येते. रेमीने मनगट उलटं फिरवलं आणि चकती बर्फाला चिकटून गोलरक्षकाच्या पायाखालून आत गेली.

तीन-दोन. तसंच संपलं.

चषक कप्तानाच्या हातात द्यायची रीत आहे. लीगचे अध्यक्ष गालिच्यावरून चालत आले आणि दोन बोटांनी, ओलं मांजर द्यावं तसा, त्यांनी तो पुढे केला. ओरेस्टने घेतला. डोक्यावर उचलला नाही. तसाच वळून गोलरक्षकाच्या हातात दिला आणि आत निघून गेला. पेटिग्रू बर्फाच्या दारापाशी उभा होता. एरवी तिथे दोघं एकमेकांना हटकून जात. या वेळी ओरेस्ट खाली बघत गेला.

मी सामान गोळा करून खोलीत आलो तर त्याने माझी कात्री घेतली होती आणि तो अक्षराचे टाके उसवत होता.

"ती माझी शिलाई आहे," मी म्हटलं.

"चांगली आहे. उसवता उसवत नाहीये."

मी विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, पेटिग्रू आपल्याकडे बघून निर्णय द्यायचा, आता त्याने बघू नये. ज्याच्याकडे बघता येईल अशा कोणाला तरी हे द्या. मी म्हटलं, मी सगळं पाहिलंय, उद्या सकाळी अख्ख्या गावाला सांगतो.

तेव्हा तो हसला, त्या दिवशी दुसऱ्यांदा.

"सांग की. तू सांगितलंस म्हणजे उरलासुरला संशयही फिटेल लोकांचा."

त्याने ते अक्षर माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते तंबाखूच्या डबीत टाकलं.

आणि मी सांगितलं. न्हाव्याकडे सांगितलं, कॉफीच्या दुकानात सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. लोक पोट धरून हसले. एकाने विचारलं, क्लेम, तेव्हा तुझ्या कुत्र्याची सावली कुठे होती. रेमी त्याच शरद ऋतूत वरच्या लीगमध्ये गेला. जाण्याआधी एकदा तो ओरेस्टच्या फाटकाशी बराच वेळ उभा होता. ओरेस्ट बाहेर आला आणि त्याने त्याला गाजरांची पिशवी दिली, एवढंच मला ओल्हाकडून कळलं.

ओरेस्ट आणखी दोन हिवाळे खेळला, अक्षराशिवाय. मला सगळ्यांत जड गेलं ते हे, की गोलापाशी ढीग पडला की पेटिग्रूची मान सवयीने त्याच्याकडे वळायची, आणि ओरेस्ट बर्फाकडे बघत असायचा. दोघांत एक शब्द नाही. पुढे तो पूर्णवेळ कोठारावर गेला. गहू घालायला आलेला एखादा टवाळ म्हणायचा, काटा सरळ आहे ना, ओरेस्ट, का त्यालाही किटलीची वाफ दिलीस. ओरेस्ट वजन पुन्हा घ्यायचा. दर वेळी, न चिडता, पुन्हा.

तो गेला त्या वसंतात चिखल एवढा होता की... नाही, राहू दे. चिखल होता. युक्रेनी चर्चच्या मागच्या दालनात शवपेटी ठेवली होती आणि शेजारच्या स्वयंपाकघरात बायका बटाट्याच्या करंज्या उकडत होत्या. ओल्हाने पेटीवर त्याची जुनी जर्सी पसरली होती. बाकी जर्सी विटून फिकी झाली होती, पण छातीवर ‘सी’च्या आकाराचा एक गडद निळा डाग तसाच होता, ऊन न लागलेला. रेमीची फुलं आली होती, सगळ्यांत मोठी, वर नुसतं नाव.

पेटिग्रू बसने आला. काठी टेकत, कोट बुडाशी चिखलाने भरलेला. पेटीपाशी उभा राहिला, मग माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. मी विचार केला, या माणसाने मला कधी थापाड्या म्हटलेलं नाही, एकदा सांगून बघू. आणि सांगितलं सगळं. तो कोपरा, ती मूठ, ती कात्री.

तो हसला नाही. हातातला कॉफीचा पेला त्याने खाली ठेवला.

"ती स्टिक डावखुऱ्याची होती, क्लेम."

होतीच. पात्याचा बाक बघून कोणीही सांगेल की ती कुठल्या हाताची. प्रेक्षकांत बसून नाही दिसत, पण हातात घेतली की दिसतं.

"ओरेस्ट उजव्या हाताने खेळायचा," पेटिग्रू म्हणाला. "मी काय त्याला पहिल्यांदा बघत होतो? टेबलावर ठेवली तेव्हाच कळलं. म्हणून तर दोनदा विचारलं."

"मग?"

"मग काय. पंचाने कप्तानाला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं. ते धरायचं नसेल तर विचारायचं कशाला?"

मी म्हटलं, अरे मग त्याला सांगायचंस तरी. दोन हिवाळे तो तुझ्यासमोर मान खाली घालून खेळला. तुझा विश्वास आपण मोडला असं त्याला वाटत होतं. काट्यावर माणसं त्याला टोमणे मारायची.

पंच खेळाडूकडे आपणहून जात नाही, पेटिग्रू म्हणाला. आपण वाट बघत होतो, ओरेस्ट येईल आणि बोलेल. दर सामन्याला वाटायचं, आज येईल.

"येणार कसा?" मी म्हटलं. "छातीवर अक्षर कुठे होतं?"

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज झाला, कोणीतरी कोणाला तरी दटावलं.

मी उठलो. तंबाखूची डबी कोटातच होती, ती मी सकाळी का घेतली होती ते मला विचारू नका. अक्षर पिवळं पडलं होतं आणि त्याच्या कडेला माझेच जुने धागे लोंबत होते. ओल्हाकडे सुई-दोरा मागितला. तिने माझ्याकडे, मग डबीकडे बघितलं आणि न विचारता आणून दिला.

पण दोरा काही केल्या सुईत जाईना. माझे डोळे आता स्केटची धारसुद्धा बोटानेच बघतात. पेटिग्रूने माझ्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडात धरली आणि दोरा ओवून दिला. मग त्याने अक्षर त्या गडद डागावर बरोबर बसवलं आणि ते सरकू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं.

मी पहिला टाका घातला.

"हलू नकोस," मी म्हटलं, सवयीने.